ऑटोमॅटिक गाडी, हातचा गिअर

१. प्रश्न

नवी ऑटोमॅटिक गाडी घेतलेला माणूस चार-आठ दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतो. गिअरच्या दांड्याशेजारी प्लस-मायनसची खाच आहे, स्टिअरिंगच्या मागे डावी-उजवीकडे दोन पॅडल आहेत. गिअर आपोआप पडावेत म्हणूनच तर जास्तीचे पैसे मोजले, मग पुन्हा हाताने गिअर बदलायची सोय कशाला? आणि तीही पोर्शे, बीएमडब्ल्यू, एएमजी असल्या गाड्यांत, ज्यांचे गिअरबॉक्स कुठल्याही माणसाच्या हातापेक्षा चपळ असतात?

शोरूममध्ये याचं उत्तर ‘स्पोर्टी फील’ असं मिळतं. मित्रमंडळी सांगतात, ‘त्याने गाडी जास्त पळते.’ पहिलं उत्तर अर्धवट आहे आणि दुसरं बहुतेक वेळा चुकीचं. सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवून गाडी पळवायची असेल, तर दांडा ‘डी’ किंवा ‘एस’मध्ये ठेवावा आणि गिअरचा विचार सोडून द्यावा. यंत्राशी त्या बाबतीत स्पर्धा होत नाही. २०१९ मध्ये आलेल्या पोर्शे ९११ करेरा एसचंच बघा. क्लचचा पाय आणि हाताचा गिअर असलेली गाडी थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटरला जायला ४.२ सेकंद घेते. तीच गाडी कंपनीच्या पीडीके या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेजसह ३.५ सेकंदांत तिथे पोचते.

मग हाताचं काम उरतं कुठे? गिअरबॉक्सला पुढचा रस्ता दिसत नाही आणि तुम्हाला तो दिसतो, एवढ्या एका जागी. जागा छोटी वाटते, पण जोरकस गाडी वळणावळणाच्या रस्त्यावर नेणाऱ्याला तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. ती नीट समजायची तर आधी एका वेगाला कोणता गिअर काय देतो, ते पाहावं लागेल.

२. एकच वेग, आठ गिअर

झेडएफ या जर्मन कंपनीने २००९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७६० एलआय या गाडीतून आठ गिअरचा एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. त्याचं नाव ८एचपी. पुढे तो इतक्या कंपन्यांनी घेतला की आजच्या जोरकस गाड्यांचा विचार त्याला वगळून करताच येत नाही. त्याच्या पहिल्या पिढीचे गिअर असे होते : पहिला ४.६९६, दुसरा ३.१३०, तिसरा २.१०४, चौथा १.६६७, पाचवा १.२८५, सहावा १.०००, सातवा ०.८३९ आणि आठवा ०.६६७. पहिल्या गिअरचा ४.६९६ म्हणजे इंजिनाचे ४.६९६ फेरे झाले की गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा एकदा फिरतो. आठव्यात उलट. इंजिनाचा दोन-तृतीयांश फेराच झालेला असतो, तोवर बाहेरचा दांडा एक फेरा पूर्ण करतो.

आता हिशेब करू. सोपा जावा म्हणून दोन गोष्टी धरून चालू : चाक एका फेऱ्यात दोन मीटर जातं, आणि डिफरन्शिअलमध्ये वेग आणखी तीनपट कमी होतो. प्रत्यक्ष गाड्यांचे आकडे याच्या आसपासच असतात.

गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्याचे १,५००. सहावा गिअर असेल तर इंजिनही मिनिटाला १,५०० फेरेच घेतं. आठव्यात १,०००. चौथ्यात २,५००. तिसऱ्यात साधारण ३,१५०. दुसऱ्यात जवळजवळ ४,७००. आणि पहिल्यात ७,००० च्या वर, म्हणजे बहुतेक इंजिनांच्या लाल रेषेपलीकडे.

वेग तोच, रस्ता तोच, पण इंजिनाची अवस्था पूर्ण वेगळी. इंजिन कोणत्याही क्षणी किती ताकद देऊ शकतं हे टॉर्क गुणिले फेरे यावर ठरतं. समजा इंजिन २,००० पासून पुढे बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ५०० न्यूटन मीटर टॉर्क देतं. दमदार टर्बो पेट्रोल इंजिनं देतात तेवढा. २,००० फेऱ्यांवर त्यातून सुमारे १०५ किलोवॅट निघतात, म्हणजे १४० हॉर्सपॉवर. ४,००० वर २८०. बॉनेटखाली इंजिन तेच, पण गिअरप्रमाणे ते निम्मं किंवा पूर्ण हाताशी येतं. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी विचारात पडल्यासारखी वाटते आणि मग उसळते, त्याचं कारण हेच. त्यात टर्बोची भर असते. फेरे कमी असताना टर्बोचं चक्र मंद फिरत असतं आणि त्याला जोर धरायला वेळ लागतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. खालच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला मागे ओढतं. आठव्यात हा रोध जेमतेम जाणवतो, तिसऱ्यात चांगला जाणवतो. त्याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात, आणि घाटात ते किती मोलाचं आहे ते पुढे येईलच.

३. डब्याच्या आत

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये क्लचचा पाय नाही, तरी सिग्नलला गाडी थांबल्यावर इंजिन बंद पडत नाही. ते काम टॉर्क कन्व्हर्टरचं. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये जहाजांसाठी त्याची कल्पना मांडली. ताक घुसळताना रवीबरोबर ताकही गोल फिरू लागतं आणि त्यात एखादी हलकी वाटी सोडली तर तीही फिरू लागते. रवी आणि वाटी एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत, मधलं ताक जोर पोचवतं. इथे रवीच्या जागी इंजिनाने फिरणारी पात्यांची चकती, वाटीच्या जागी गिअरबॉक्सकडे जाणारी दुसरी चकती आणि ताकाच्या जागी गिअरबॉक्सचं तेल. वाटी हाताने धरून ठेवली तरी रवी फिरू शकते. म्हणून गाडी थांबली तरी इंजिन चालू राहतं.

या व्यवस्थेत थोडा जोर तेलातच विरतो आणि गाडीचा प्रतिसाद ढिला वाटतो. म्हणून आता कन्व्हर्टरमध्येच एक क्लच असतो. गाडी चालू लागली की तो दोन्ही चकत्या घट्ट बांधून टाकतो, आणि तिथून पुढे इंजिन आणि चाकं थेट जोडलेली असतात. जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांचा रबरासारखा ताणला जाणारा पिकअप आजच्या ८एचपीत सापडत नाही तो यामुळे.

कन्व्हर्टरच्या मागे गिअर असतात, पण हातगिअरच्या गाडीतल्यासारखे एकमेकांत सरकणारे नव्हेत. मधोमध एक दातेरी चाक, त्याच्याभोवती फिरणारी छोटी चाकं आणि त्या सगळ्यांना वेढणारं एक दातेरी कडं, असा हा प्लॅनेटरी संच. यातला कोणता भाग धरून ठेवला आणि कोणता मोकळा सोडला, त्यावर गुणोत्तर ठरतं. ८एचपीमध्ये असे चार संच आहेत, आणि भाग धरण्या-सोडण्यासाठी क्लच व ब्रेक मिळून पाच पकडी. कोणत्याही गिअरमध्ये तीन पकडी बंद, दोन उघड्या. गिअर बदलणं म्हणजे एका पकडीने सोडणं आणि त्याच वेळी दुसरीने धरणं. सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात हे उरकतं आणि चाकांकडे जाणारा जोर मध्ये तुटत नाही. गरज पडली तर हा गिअरबॉक्स आठव्यातून थेट दुसऱ्यात येऊ शकतो.

दुसरा प्रकार दोन क्लचचा. एका क्लचवर एक, तीन, पाच, सात आणि दुसऱ्यावर दोन, चार, सहा असे गिअर असतात. तिसऱ्यात गाडी चालू असतानाच चौथा जोडून तयार असतो, मग फक्त क्लच पालटायचा. मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या गाड्यांत हा प्रकार पहिल्यांदा २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फ आर३२ मध्ये डीएसजी या नावाने आला. आपल्याकडे चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पोलो जीटी टीएसआयने तो २०१३ पासून कितीतरी मराठी घरांत नेला. आज त्याच चाकणहून निघणाऱ्या व्हर्टसच्या १.५ लिटर इंजिनाला सात गिअरचा डीएसजी मिळतो. बदलायला झपाट्याचा, पण गर्दीत रांगताना क्लच घासला जातो आणि तापतो, हा त्याचा कमकुवत भाग. बीएमडब्ल्यूने एम५ गाडीत २०११ मध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स दिला आणि २०१७ च्या पिढीत तो काढून पुन्हा टॉर्क कन्व्हर्टर आणला. कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक सुस्त असतो, ही समजूत तिथेच मोडीत निघाली.

४. संगणकाला काय दिसतं

गिअर कधी बदलायचा हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याच्याकडे माहिती भरपूर असते : अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, किती झटकन दाबला, गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, तेलाचं तापमान, ब्रेकचा दाब, गाडी वळताना बाजूला पडणारा जोर, रस्त्याचा चढ-उतार. सेकंदाला कितीतरी वेळा तो हे सगळं वाचतो.

पण ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातली प्रत्येक गोष्ट घडून गेलेली किंवा या क्षणी घडणारी आहे. शंभर मीटरवर रस्ता उजवीकडे उलटा वळतो, तिथे वाळू सांडली आहे, समोरच्या ट्रकमागे एक दुचाकीवाला अडकला आहे आणि तो आता बाहेर येणार, यातलं काहीही त्याला कळत नाही. त्यात साध्या ‘डी’मध्ये त्याचा कल इंधन वाचवण्याकडे असतो. पाय सैल पडला की तो वरचा गिअर टाकतो. रोजच्या प्रवासात हे अगदी योग्य आहे.

ही उणीव कंपन्यांना ठाऊक आहे. २०१३ मध्ये रोल्स-रॉइसने रेथ या गाडीत आठ गिअरच्या ऑटोमॅटिकला उपग्रहाच्या नकाशाची जोड दिली. वळण यायच्या आधीच गिअरबॉक्स योग्य गिअर धरून ठेवू लागला. पुढचा रस्ता दिसणं किती मोलाचं आहे याचा याहून चांगला दाखला नाही. तरी नकाशात वळण असतं, वळणावर बसलेली गाय नसते.

५. ही हौस जुनी आहे

ऑटोमॅटिक गाडी हाताने चालवणं ही पॅडल आल्यानंतरची गोष्ट नाही. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा विकला तो जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत, हायड्रा-मॅटिक या नावाने. पंचवीस वर्षांतच टेक्सासच्या जिम हॉलने टॉर्क कन्व्हर्टर शर्यतीत उतरवला. त्याच्या चॅपरल गाड्यांत क्लचचा पाय नव्हता. पकड सोडण्याचं काम कन्व्हर्टर करी, गिअर मात्र चालक स्वतः निवडी. जनरल मोटर्सची त्याला मदत होती. हॉल आणि हॅप शार्प यांनी या गाडीने १९६५ मध्ये सीब्रिंगची १२ तासांची शर्यत जिंकली. पुढच्याच वर्षी फिल हिल आणि यो बॉनियर यांनी चॅपरल २डी घेऊन नुरबुर्गरिंगची १,००० किलोमीटरची शर्यत मारली, तीही फेरारी आणि पोर्शे समोर असताना. डावा पाय रिकामा राहिल्याने चॅपरलचे चालक त्याने ब्रेक मारत. १९६६ च्या २ई मध्ये तर त्या पायाला एक नवं काम मिळालं, मागच्या उंच पंखाचा कोन बदलण्याचं. क्लच गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या पायाचा इतका सुंदर उपयोग पुन्हा कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांत १९६७ ची पोंटिअॅक जीटीओ आठवावी. तिच्या ऑटोमॅटिकला हर्स्ट कंपनीचा दोन खाचांचा दांडा होता. एका खाचेत नेहमीचं ऑटोमॅटिक, दुसऱ्या खाचेत एकेक गिअर हाताने. पोर्शेने १९९० च्या ९११ करेरा २ मध्ये टिपट्रॉनिक आणलं, तेव्हा मांडणी हीच होती : एका बाजूला पी, आर, एन, डी आणि उजवीकडच्या खाचेत प्लस-मायनस. चार गिअरचाच गिअरबॉक्स, पण डोकं हुशार. पाय झटकन उचलला तर तो वरचा गिअर टाकत नसे, आणि वळणात बाजूचा जोर जाणवला तरी धरून बसे.

पॅडल आलं शर्यतीतून. १९८९ मध्ये जॉन बर्नार्डने रेखाटलेल्या फेरारी ६४० मध्ये स्टिअरिंगमागे पॅडल होती आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमध्ये त्या गाडीची पहिलीच शर्यत जिंकली. १९९७ च्या फेरारी एफ३५५ मधून ती रस्त्यावरच्या गाडीत उतरली. त्या दोन्ही गाड्यांचे गिअरबॉक्स मुळात हातगिअरचेच होते, क्लच तेवढा यंत्राने चाले. पॅडल मात्र पुढे सगळ्यांनी उचललं.

दांड्याच्या दिशेवर अजून एकमत नाही. बऱ्याच कंपन्यांत दांडा पुढे ढकलला की वरचा गिअर पडतो. बीएमडब्ल्यू आणि माझ्दामध्ये मागे ओढल्यावर. मला दुसरी पद्धत पटते. गाडी वेग घेते तेव्हा अंग मागे जातं, ब्रेक मारल्यावर पुढे जातं, आणि हातही त्याच दिशेला सहज जातो. शर्यतीच्या गाड्यांत हेच असतं. पोर्शेनेही २०१३ च्या जीटी३ मध्ये दिशा तशी फिरवली.

६. पॅडल ओढणं म्हणजे मागणं

इथे एक गोष्ट मनात पक्की करायला हवी. पॅडल ओढल्यावर तुम्ही गिअर बदलत नाही, गिअर मागता. द्यायचा की नाही ते संगणक ठरवतो.

डावं पॅडल ओढलं, खालचा गिअर मागितला. संगणक आधी गुणाकार करतो : या वेगाला त्या गिअरमध्ये फेरे किती होतील? आपल्या हिशेबातल्या गाडीत ताशी १२० ला दुसरा गिअर मागितला तर उत्तर येतं जवळजवळ ९,४००. मागणी फेटाळली जाते. बहुतेक गाड्या एक बारीक आवाज करतात किंवा पडद्यावर सूचना देतात, काही गप्पच राहतात. हातगिअरच्या गाडीत हीच चूक इंजिनाचा जीव घेते. घाईत चौथ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सोडला, की चाकं इंजिनाला लाल रेषेपलीकडे फिरवतात, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. ऑटोमॅटिकमध्ये हा धोका नाही, आणि माझ्या मते या सोयीचा हा फार मोठा गुण आहे.

मागणी मान्य झाली तर संगणक क्षणभर इंजिनाला स्वतःच रेस देतो, फेरे नव्या गिअरला जुळवतो आणि मग पकड बदलतो. जुन्या पट्टीच्या चालकांना टाच आणि चवडा एकाच वेळी वापरून जे साधायला वर्षं लागत, ते इथे बोटाच्या एका ओढीत होतं.

वरच्या गिअरचा कायदा गाडीगणिक वेगळा. काही गाड्या लाल रेषेला पोचल्या की न विचारता वरचा गिअर टाकतात. काहींत, विशेषतः शर्यतीच्या धाटणीच्या गाड्यांत, पूर्ण मॅन्युअल मोडमध्ये गिअर तसाच धरून ठेवला जातो आणि इंजिन लाल रेषेवर अडखळत राहतं. बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळाच्या बटणापर्यंत दाबला की हाताने धरलेला गिअर सोडून किकडाऊन होतो, म्हणजे गाडी स्वतःच खालचा गिअर टाकते. गाडी थांबत आली की पहिला गिअर मात्र जवळजवळ सगळ्याच आपणहून टाकतात. आणि ‘डी’मध्ये असताना नुसतं पॅडल ओढलं तर तो तात्पुरता ताबा असतो, काही सेकंदांनी गाडी पुन्हा आपल्या मर्जीवर जाते. तुमच्या गाडीचा कायदा कोणता, ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत एकदा वाचून घ्या. वळणाच्या मध्यावर ते शोधायची वेळ येऊ नये.

७. वळण

आता मुख्य जागा. आपल्या हिशेबातलीच गाडी, सरळ रस्ता, ताशी ९० चा वेग, सहावा गिअर, इंजिन २,२५० वर. पुढे घाटातलं हेअरपिन वळण, जिथे ४० च्या पुढे जाता येणार नाही.

‘डी’मध्ये काय होतं? पाय उचलला, ब्रेक मारला, गाडी ४० वर आली. संगणक वेग बघून गिअर उतरवत आला आहे, पण गरजेपुरतेच. समजा चौथ्यापर्यंत. इंजिन १,६७० च्या आसपास. गाडी वळणात शिरते, अर्धं वळण होतं, रस्ता उघडताना दिसतो, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता. संगणकाला आत्ता कळतं की जोर हवाय. तो चौथा सोडतो, दुसरा शोधतो, तोवर क्षण निघून जातो, आणि मग इंजिन ३,००० च्या वर जाऊन एकदम जोर देतं. कधी? स्टिअरिंग अजून वळलेलं असताना, मागच्या टायरांची निम्मी पकड गाडीला वळवण्यात खर्च होत असताना. ४०० हॉर्सपॉवरच्या गाडीत हा झटका मागची चाकं सरकवायला पुरतो. स्थिरता राखणारी यंत्रणा मग इंजिनाचा जोर छाटते आणि गाडी अडखळत वळणाबाहेर येते.

आता तेच हाताने. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वेग ७५ ला आला की डावं पॅडल दोनदा, चौथा, फेरे ३,१०० च्या थोडे वर. ६० ला पुन्हा एकदा, तिसरा, फेरे ३,१५०. ४५ ला शेवटचं, दुसरा, ३,५०० आणि खाली उतरत ४० ला ३,१३०. फेऱ्यांच्या काट्याकडे लक्ष द्या. वेग निम्म्याहून कमी झाला, पण प्रत्येक गिअर पडताना काटा तीन ते साडेतीन हजारांच्या पट्ट्यातच परत आला. कानाला प्रत्येक वेळी तोच चढता सूर ऐकू येतो. इंजिन ताणलं गेलं नाही आणि झोपलंही नाही. गाडी वळणात शिरते तेव्हा गिअरचं सगळं काम संपलेलं असतं. मध्यावर पाय हलकेच टेकवला की गाडी त्याच क्षणी, जेवढा दाबला तेवढंच उत्तर देते. आणि या दुसऱ्या गिअरला ताशी ८० पर्यंत वाव आहे, म्हणजे वळण पूर्ण सुटेपर्यंत पॅडलला हात लावायची गरज नाही.

याने किती सेकंद वाचले हा प्रश्न मला गौण वाटतो. गाडी वळणात असताना गिअर बदलला नाही, जोर अवचित आला नाही, हे खरं मिळालेलं. ओव्हरटेकला हेच सूत्र. समोरचा रस्ता मोकळा दिसण्याच्या आधी दोन गिअर उतरवून ठेवायचे, म्हणजे जागा दिसल्यावर गाडी विचार करत बसत नाही.

एक कबूल करायला हवं : आजच्या चांगल्या गाड्यांचा ‘स्पोर्ट’ मोड यातलं बरंच काही स्वतः करतो. जोरात ब्रेक लागला की तो भराभर गिअर उतरवतो आणि वळणात धरून ठेवतो. शर्यतीच्या ट्रॅकवर पीडीके ‘स्पोर्ट प्लस’मध्ये सोडून दिली तरी क्वचितच चुकते. तरी माणसाला हाताचा ताबा हवा असतो. पोर्शेने २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेसह विकली, तेव्हा चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये सहा हातगिअरची ९११ आर आली, फक्त ९९१ गाड्या, आणि २०१७ मध्ये जीटी३ला हातगिअरचा पर्याय परत मिळाला. मोजमापात हळू असलेली गोष्ट लोकांनी मागून घेतली. गाडी चालवणं हे काही जणांना प्रवासाहून जास्त काही देतं, आणि तो आनंद खरा आहे.

८. उतार

इथे जोरकस गाडी आणि साधी गाडी असा भेद नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. माणसं-सामानासह १,६०० किलोची गाडी एवढं उतरताना सुमारे ७८ लाख ज्यूल ऊर्जा सोडते. साधं २५ लिटर पाणी उकळीला आणायला लागते तेवढी. काही हवेचा रोध खातो, उरलेली इंजिनाने तरी अडवायची किंवा ब्रेकच्या चकत्यांनी तरी. ‘डी’मध्ये पाय उचललेला पाहून गिअरबॉक्स बऱ्याचदा वरचा गिअर टाकतो, इंजिनाचा रोध जवळजवळ नाहीसा होतो, आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेकचं तेल, डॉट ४ दर्जाचं, नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषून जुनं झालं की ही किमान मर्यादा १५५ वर घसरते. ते उकळलं की पाइपात वाफ होते आणि ब्रेकचा पाय रिकामा खाली जातो.

उपाय डाव्या पॅडलवर आहे. उतार सुरू होण्याआधीच तिसरा, उतार फार तीव्र असेल तर दुसरा. पाय सोडल्यावर गाडी आपोआप वेग धरून ठेवते आहे असं वाटलं म्हणजे गिअर बरोबर. इंजिनात इंधनही त्या वेळी जवळजवळ जात नाही. न्यूट्रलमध्ये उतार उतरणं मात्र कधीही नको, त्याने एक थेंब वाचत नाही आणि ताबा जातो.

पावसाळ्यात चिखलाच्या चढावर पहिल्या गिअरने चाकं जागच्या जागी फिरू लागतात. हाताने दुसरा टाकून निघालं तर चाकांवरचा जोर एक-तृतीयांशाने कमी होतो आणि पकड मिळते. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या हे करू देतात.

९. गिअरबॉक्स खराब होतो का?

नाही. संगणकाच्या परवानगीनेच प्रत्येक बदल होतो, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये पकडी तेलात बुडालेल्या असतात. हाताने बदलल्यामुळे त्यांची झीज ‘डी’तल्या बदलाहून वेगळी होत नाही. गिअरबॉक्सचा खरा शत्रू उष्णता आणि जुनं तेल. तेल तपासा, मुदतीत बदलून घ्या. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय ‘आर’मधून ‘डी’त जाऊ नका. चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, दोन क्लचच्या गाडीत तर मुळीच नको. फक्त ब्रेक पॅड वाचवायला सतत गिअर उतरवायचीही गरज नाही. पॅड स्वस्त आहेत. गिअर लांब उतारासाठी आणि वळणासाठी उतरवावा.

१०. करून बघायचं असेल तर

ओळखीचा, रिकामा, सरळ रस्ता घ्या. ताशी ६० वर गाडी स्थिर ठेवा आणि डावं पॅडल एकेकदा ओढत काटा किती चढतो ते बघा. आठ-दहा मिनिटांत कोणत्या वेगाला कोणता गिअर हे कानालाच कळू लागतं. मग लांब उतार, आणि हेअरपिन सगळ्यात शेवटी. वेग मर्यादेतच ठेवा. इथला फायदा वेगात नसून वेळेवर तयार असण्यात आहे, म्हणून ४० च्या वळणातही तो पुरेपूर मिळतो. ओल्या रस्त्यावर, विशेषतः मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर, एका वेळी एकच गिअर उतरवा आणि तो स्टिअरिंग सरळ असतानाच उतरवा.